फिट चालू असताना रॅटच्या मेंदूतलं रसायन: ग्लुटामेट नक्की वाढतं का, आणि मोजायचं कसं?

वळचण

लिथियम-पिलोकार्पिन मॉडेलमध्ये (या दोन औषधांनी रॅटला लांबलेली फिट आणतात) हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातलं पेशीबाहेरचं ग्लुटामेट (पेशींना चेतवणारं रसायन) आणि गाबा (त्यांना दाबणारं) मोजायचं आहे. आराखडा असा: विस्टार रॅट, नर, २५०-२८० ग्रॅम. आदल्या दिवशी लिथियम क्लोराइड १२७ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. दुसऱ्या दिवशी मिथाइलस्कोपोलामिन १ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ., अर्ध्या तासाने पिलोकार्पिन ३० मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. स्टेटस (न थांबणारी फिट) सुरू झाल्यापासून ९० मिनिटांनी डायझेपाम १० मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. मायक्रोडायलिसिस (मेंदूत बसवलेल्या बारीक पडद्याच्या प्रोबमधून द्रव फिरवून पेशीबाहेरची रसायनं गोळा करणं) २ मायक्रोलिटर प्रति मिनिट, दर २० मिनिटांनी एक नमुना, मग एचपीएलसी (रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र). एथिक्स कमिटीकडे फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) जायचा आहे, त्याआधी शंका फेडून घ्याव्यात म्हणून हा धागा.

एक, २० मिनिटांचा नमुना चालेल का? दोन, जुने निबंध एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. कुणाला ग्लुटामेट फिटच्या आधी वाढलेलं दिसतं, कुणाला फिट सुरू झाल्यावर, कुणाला काहीच फरक नाही. हे का? तीन, ग्लुटामेट-गाबा सोडून आणखी काय मोजण्यासारखं आहे?

सीए३

आधी साधा हिशोब करा. समजा एक फिट १ मिनिट चालली आणि त्या मिनिटात ग्लुटामेट तिप्पट झालं. उरलेली १९ मिनिटं ते मूळ पातळीवर होतं. नमुन्यातली सरासरी येते (१९ + ३) भागिले २०, म्हणजे १.१. तिप्पट वाढ तुमच्या आलेखावर १० टक्के दिसणार आणि एचपीएलसीच्या रोजच्या चढउतारात विरून जाणार. मग निष्कर्ष लिहिला जातो की "लक्षणीय फरक आढळला नाही". निबंध न जुळण्याचं निम्मं कारण इथेच आहे. पीटीझेड (फिट आणणारं औषध) किंवा इलेक्ट्रोशॉकसारख्या तोकड्या फिटसाठी २० मिनिटांचा नमुना निरुपयोगी. स्टेटसमध्ये मात्र फिट तासन्‌तास चालते, तिथे तो चालून जातो. पण स्टेटसची सुरुवात पकडायची असेल तर निदान त्या टप्प्यात ५ मिनिटांवर या. २ मायक्रोलिटरच्या प्रवाहात १० मायक्रोलिटर मिळतात, फ्लुरोसन्स डिटेक्टरला ग्लुटामेटसाठी तेवढे पुष्कळ.

दुसरा हिशोब नळीचा. ०.१२ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत दर १० सेंमीला सुमारे १.१ मायक्रोलिटर मावतं. प्रोबपासून स्विव्हल या फिरत्या सांध्यामार्गे कुपीपर्यंत ६० सेंमी नळी असेल तर जवळपास ७ मायक्रोलिटर झाले. म्हणजे मेंदूत आत्ता जे घडलं ते कुपीत साडेतीन मिनिटांनी पडतं. प्रवाह १ वर आणलात तर सात मिनिटांनी. ही तफावत वजा न करता ईईजी आणि नमुने शेजारी ठेवले की ग्लुटामेट "फिट सुरू झाल्यानंतर" वाढलेलं दिसणारच. पंपात रंगीत पाणी भरून ते प्रोबच्या टोकापासून कुपीत यायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघा आणि तो आकडा मेथड्‌समध्ये छापा. बहुतेक निबंधांत तो नसतो.

"आधी वाढतं" हा मुद्दा सगळे उचलतात तो ड्युरिंग आणि स्पेन्सर यांच्या १९९३ च्या कामावरून, आणि ते काम रॅटवर नव्हे, माणसांवर आहे. शस्त्रक्रियेआधी दोन्ही हिप्पोकॅम्पसमध्ये खोल इलेक्ट्रोड आणि प्रोब बसवलेले रुग्ण होते. आजारी बाजूला फिट सुरू होण्याआधीच ग्लुटामेट चढत गेलं, गाबा मात्र निरोगी बाजूला जास्त वाढलं. आपोआप फिट येणाऱ्या आजारी मेंदूतली ही गोष्ट आहे. औषध टोचून पेटवलेल्या निरोगी रॅटच्या मेंदूत तसंच व्हावं असा काही नियम नाही.

पिपेटकर

प्रत्यक्ष मांडणीबद्दल लिहितो.

गाइड कॅन्युला (प्रोब आत नेणारी नळी) आधी बसवा, ५ ते ७ दिवस जखम भरू द्या. प्रोब प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी, निदान १२ तास आधी आत सोडा. प्रोब आत जाताना पेशी फुटतात आणि पेशीच्या आत ग्लुटामेट बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं, त्यामुळे पहिले एक-दोन तास येणारा आकडा म्हणजे निव्वळ जखमेचं ग्लुटामेट. उलट दोन-तीन दिवस थांबलात तर प्रोबभोवती ग्लाया या आधारपेशींचं कोंडाळं जमतं आणि पडद्यातून काही येईनासं होतं.

जागा: व्हेंट्रल हिप्पोकॅम्पससाठी ब्रेग्मापासून (कवटीवरचा खुणेचा सांधा) मागे ५.६ मिमी, बाजूला ४.६ मिमी हे रुळलेले आकडे आहेत. खोली प्रोबच्या पडद्याच्या लांबीनुसार अ‍ॅटलासवरून ठरवा. प्रयोग संपल्यावर प्रत्येक मेंदूचे काप काढून प्रोबचा माग तपासा. माग चुकलेला प्राणी गणतीतून बाद, मग त्याचा आलेख कितीही देखणा असो.

द्रव: सोडियम क्लोराइड १४७, पोटॅशियम क्लोराइड २.७, कॅल्शियम क्लोराइड १.२, मॅग्नेशियम क्लोराइड ०.८५ मिलिमोलर. मॅग्नेशियम विसरू नका. एनएमडीए या ग्लुटामेटच्या रिसेप्टरचं तोंड मॅग्नेशियम अडवून धरतं, ते काढून घेतलं की प्रोबभोवतीचा भाग स्वतःच पेटायला बघतो. कॅल्शियम २ च्या वर नेलंत तर उलट घोळ. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि हवा काढून टाका. रॅटच्या डोक्याजवळ द्रव गरम होतो, विरघळलेली हवा बाहेर पडते, बुडबुडा पडद्यावर बसतो आणि रिकव्हरी (बाहेरच्या रसायनाचा प्रोबमध्ये येणारा हिस्सा) अर्ध्यावर येते. आकडा अचानक पडला की आधी बुडबुडा शोधा, गाबाच्या गप्पा नंतर.

रिकव्हरी: २ मायक्रोलिटरच्या प्रवाहात २-३ मिमी पडद्याची रिकव्हरी साधारण १० ते २० टक्के भरते. प्रत्येक प्रोब ३७ अंशांवर माहीत असलेल्या द्रावणात बुडवून तपासा. पण बीकरमधली रिकव्हरी ही मेंदूतली नव्हे. खरी पातळी हवी असेल तर नो-नेट-फ्लक्स करा: प्रोबमधून ०, २.५, ५, १० मायक्रोमोलर ग्लुटामेट सोडायचं आणि कुठल्या आकड्याला आत-बाहेर काहीच जात नाही ते रेषेवरून काढायचं. वेळखाऊ काम आहे, प्रत्येक प्राण्यावर करायची गरज नाही.

डोक्यावरचं सिमेंट: स्टेज ५ ची फिट आली की रॅट मागे पडतो, डोकं आपटतं, टेदर (प्राण्याला जोडलेली तार) ताणला जातो. दोन स्क्रूंवर बसवलेली टोपी अशा वेळी उखडून येते. निदान चार स्क्रू लावा. कवटी हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसून पूर्ण कोरडी केल्यावरच सिमेंट ओता. ओलसर हाडावर ते धरत नाही.

पिपेटकर

ओपीएबद्दल (अमिनो आम्लांना चमक देणारं, एचपीएलसीआधी मिसळायचं रसायन) राहिलं. नेहमीची कृती: २७ मि.ग्रॅ. ओपीए १ मिली मिथेनॉलमध्ये, त्यात ९ मिली ०.१ मोलर सोडियम टेट्राबोरेट (पीएच ९.३) आणि ५ मायक्रोलिटर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. अंधारात ठेवा, वापरताना पातळ करा. ओपीएची संयुगं टिकत नाहीत, गाबाचं तर फारच लवकर मोडतं. ३० कुप्यांत सकाळी एकदम ओपीए घालून संध्याकाळपर्यंत इंजेक्ट करत बसलात तर गाबा "हळूहळू कमी होताना" दिसेल आणि ती घट रॅटची नसून कुपीची असेल. ऑटोसॅम्पलरलाच मिसळायला लावा, दर नमुन्याला ठरलेली २ मिनिटं, मग इंजेक्शन. गाबाची मूळ पातळी डायलिसेटमध्ये (प्रोबमधून आलेल्या द्रवात) नॅनोमोलरमध्ये असते, तिथे फ्लुरोसन्सपेक्षा इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर बरा.

अर्धवट

सगळं ठीक, पण मूळ गृहीतकच तपासू या की. मायक्रोडायलिसिसमध्ये मिळणारं ग्लुटामेट सिनॅप्समधून (दोन चेतापेशींच्या जोडातून) आलेलं असतं याला आधार काय? प्रोबमधून १ मायक्रोमोलर टेट्रोडोटॉक्सिन (चेतापेशींचे विद्युत संकेत बंद पाडणारं विष) सोडलं की डोपामिन कोसळतं. ग्लुटामेट हलतसुद्धा नाही. कॅल्शियम काढलं तरी मूळ पातळी तशीच. टिमरमन आणि वेस्टरिंक यांनी १९९७ मध्ये याचा सविस्तर आढावा घेतला होता. तरी आजतागायत "सिनॅप्टिक ग्लुटामेट वाढले" असं बिनदिक्कत छापलं जातं.

आणि आकडे बघा. नो-नेट-फ्लक्सने मूळ पातळी १ ते ४ मायक्रोमोलर येते. हर्मन आणि जार यांनी २००७ मध्ये स्लाइसमध्ये (मेंदूच्या जिवंत कापात) एनएमडीए रिसेप्टरच्या प्रवाहावरून तीच पातळी काढली, ती आली २५ नॅनोमोलरच्या आसपास. शंभर पटींचा फरक! १-४ मायक्रोमोलर खरं मानलं तर एनएमडीए रिसेप्टर विश्रांतीतही बऱ्यापैकी व्यापलेले असायला हवेत.

सीए३

अर्धवट यांचा मुद्दा बिनतोड आहे, मात्र त्यावरून तंत्रच निकामी ठरत नाही. प्रोबचा पडदा अर्धा मिलिमीटर जाड, सिनॅप्सची फट २० नॅनोमीटर. म्हणजे फटीच्या २५ हजार पट जाड वस्तू शेजारी बसवून फटीत काय चाललंय ते आपण विचारतोय. फटीतून बाहेर पडलेलं ग्लुटामेट वाटेत अ‍ॅस्ट्रोसाइट या ग्लायापेशी गिळतात, मुख्यतः जीएलटी-१ या वाहक प्रथिनामार्फत. पडद्यापर्यंत पोचतं ते उरलंसुरलं, अधिक अ‍ॅस्ट्रोसाइटने सिस्टिनच्या बदल्यात बाहेर टाकलेलं, अधिक प्रोबने जखमी केलेल्या कडेचं.

म्हणून फिटमध्ये डायलिसेटमधलं ग्लुटामेट वाढलं याचा प्रामाणिक अर्थ एवढाच की सोडणं आणि उचलणं यांचा तोल गेला. उचलण्याची बाजू किती महत्त्वाची ते १९९७ मध्ये जपानी गटाने जीएलटी-१ नसलेले माइस तयार केले तेव्हा दिसलं: त्यांना आपोआप फिट्स येतात आणि बरेचसे लहान वयातच मरतात. ग्लुटामाइन सिंथेटेजचंही तेच. हे एन्झाइम अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये ग्लुटामेटचं ग्लुटामाइन करतं. रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मेथिओनिन सल्फॉक्सिमिन सतत सोडून ते बंद पाडलं की काही दिवसांत पुन्हापुन्हा फिट्स येऊ लागतात.

वळचण, तुम्ही दोन नियंत्रणं घालाच. वेगळ्या प्राण्यांत टेट्रोडोटॉक्सिन, आणि शेवटी १०० मिलिमोलर पोटॅशियमची एक लाट. पोटॅशियम वाढवताना तेवढंच सोडियम कमी करा, नाहीतर ऑस्मोलॅरिटीचाच परिणाम मोजाल. पोटॅशियमलाही ग्लुटामेट-गाबा उसळत नसेल तर तो प्रोब मेलेला आहे, त्या प्राण्याचा "फरक नाही" हा निकाल धरू नका.

खारूताई

विषय माझा नाही, तरी वाचतेय. फिट चालू असताना त्या प्राण्याला वेदना होतात का? की हे विचारायचंच नाही?

पिपेटकर

विचारायलाच हवं, फॉर्म बी मध्येही विचारतात. मोठ्या सार्वत्रिक फिटमध्ये शुद्ध हरपलेली असते. त्रास होतो तो तिच्या आधी आणि नंतर. पिलोकार्पिनने मेंदूबाहेरचे मस्करिनिक रिसेप्टरही चेतवले जातात: लाळ, जुलाब, थरथर, श्वासनलिकेत स्राव. मिथाइलस्कोपोलामिन देतात ते त्यासाठीच. ते मेंदूत शिरत नाही, म्हणून बाहेरचा त्रास कमी होतो आणि फिट तशीच राहते. इथे चुकून साधं स्कोपोलामिन किंवा अ‍ॅट्रोपिन दिलं तर मॉडेलच बसत नाही.

स्टेटसनंतर प्राणी दोन-तीन दिवस नीट खात नाही. त्वचेखाली रिंगर लॅक्टेट, मऊ भिजवलेलं खाद्य, रोज वजन. वजन २० टक्क्यांहून अधिक उतरलं तर दयामरण, ही अट आधीच लिहून द्यायची. आणि तापमान! स्टेटसमध्ये रॅटचं अंग ४० अंशांच्या वर जातं. त्या तापानेच पेशी मरतात आणि ग्लुटामेट वाढतं. गुदाशयातलं तापमान मोजा, पंखा आणि ओला टॉवेल जवळ ठेवा. तापमान न नोंदवलेल्या निबंधातली ग्लुटामेटची वाढ फिटची की तापाची हे कुणीच सांगू शकत नाही.

मिलिव्होल्ट

तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो. सगळे ग्लुटामेटच्या मागे असतात, पण फिटमधला सर्वांत पक्का, हमखास दिसणारा रासायनिक बदल पोटॅशियमचा आहे. शांत मेंदूत पेशीबाहेर साधारण ३ मिलिमोलर. फिटमध्ये ते १० ते १२ पर्यंत चढतं आणि तिथे अडतं. हे छत हाइनेमान आणि लुक्स यांनी १९७७ मध्ये मांजरांच्या कॉर्टेक्समध्ये दाखवलं. छत का? सोडियम-पोटॅशियम पंप आणि ग्लाया मिळून तेवढं उपसू शकतात म्हणून. तुमच्या नोंदीत ३० च्या वर आकडा गेला तर ती फिट नाही, स्प्रेडिंग डिपोलरायझेशन (पेशींचा विद्युतभार कोसळवत पसरणारी लाट) आहे. ईईजी त्याच वेळी सपाट झालेला दिसेल. दोन्ही एकामागोमाग येऊ शकतात, गल्लत करू नका.

उलट दिशेने कॅल्शियम. १.२ मिलिमोलरवरून खाली घसरतं, कारण ते पेशींत शिरतं. बाहेरचं कॅल्शियम कमी झालं की पेशी आणखी सहज चेतते, म्हणजे आगीत तेलच.

यासाठी मायक्रोडायलिसिस नको. व्हॅलिनोमायसिन (पोटॅशियम ओळखणारा पदार्थ) भरलेला आयन-सिलेक्टिव्ह मायक्रोइलेक्ट्रोड लागतो, दुहेरी नळीचा: एक आयनसाठी, एक संदर्भासाठी, आणि दोन्हींतली वजाबाकी. संदर्भनळी नसेल तर फिटमधला संथ विद्युत (डीसी) बदलच पोटॅशियम म्हणून मोजला जातो. प्रयोगाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा ३, ६, १२, ४८ मिलिमोलरच्या द्रावणांत कॅलिब्रेट करा. दहापट फरकाला ५५-६० मिलिव्होल्ट मिळायला हवेत. ४५ आले तर टोकातलं द्रव गळलंय. हिंडत्या-फिरत्या रॅटमध्ये हे टोक टिकत नाही, त्यामुळे हे काम बेशुद्ध प्राण्यात किंवा स्लाइसमध्ये.

बेशुद्धीचं औषध निवडतानाही बघा. केटामिन स्वतःच एनएमडीए अडवतं, युरेथेन फिट दाबतं. ज्या दिवशी रसायन मोजायचं त्या दिवशी केटामिनने बेशुद्ध केलेला प्राणी बाद.

द्रवनत्र

ऊर्जेकडे वळू या, कारण आपल्याकडच्या एम.फार्म.च्या प्रबंधांत सर्वांत जास्त वाट इथे लागते. नेहमीचा साचा असा: स्विस अल्बिनो माइस, पीटीझेड, वनस्पतीचा अर्क, मग डोकं उडवायचं, अख्ख्या मेंदूचं होमोजिनेट (वाटून केलेला लगदा), निनहायड्रिनने गाबा, ३७७/४५५ नॅनोमीटरवर फ्लुरोसन्स. निष्कर्ष: "अर्काने गाबा वाढले, म्हणून अपस्माररोधक."

दोन अडचणी. पहिली, अख्ख्या मेंदूत गाबा दर ग्रॅमला सुमारे २ मायक्रोमोल आणि ग्लुटामेट १० मायक्रोमोल असतं, आणि ते जवळजवळ सगळं पेशींच्या आत. फिट ज्यावर ठरते तो बाहेरचा अंश त्यात समुद्रातल्या चमच्याएवढा. व्हिगाबाट्रिन देऊन गाबा ट्रान्सअमिनेज (गाबा मोडणारं एन्झाइम) बंद केलंत तर होमोजिनेटमध्ये वाढ दिसेल, कारण तिथे साठाच फुगतो. बाकी बहुतेक औषधांसाठी हे मोजमाप आंधळं आहे.

दुसरी, मेंदू मेल्यावर थांबत नाही. रक्त तुटलं की फॉस्फोक्रिएटिन (ऊर्जेचा राखीव साठा) काही सेकंदांत संपतं, मिनिटाभरात एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन), लॅक्टेट उसळतं. ग्लुटामेटपासून गाबा बनवणारं एन्झाइम चालूच राहतं, त्यामुळे मेंदू बाहेर काढून बर्फावर ठेवेपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत गाबा खोटं वाढतं. सावकाश मेंदू काढणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्क जास्त "गुणकारी" ठरतो! मोकळी फॅटी अ‍ॅसिडं तर त्याहून लबाड. बाझान यांनी १९७० मध्ये इलेक्ट्रोशॉकनंतर मेंदूत अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड वाढतं हे दाखवलं, पण डोकं उडवल्यावरही तेच वाढतं. फिटची वाढ वेगळी काढायची तर एन्झाइम जागच्या जागी थांबवायला हवीत.

त्याचे दोन रस्ते. मेंदूवर केंद्रित मायक्रोवेव्ह, काही किलोवॅटचं खास यंत्र, एक-दोन सेकंदांत मेंदू ८०-९० अंशांवर जाऊन एन्झाइम शिजतात. घरचा ओव्हन नव्हे, तो मेंदू सारखा तापवत नाही आणि प्राण्याला हाल होतात. दुसरा, फनेल फ्रीझिंग: बेशुद्ध, व्हेंटिलेटरवरच्या रॅटच्या कवटीवर फनेल बसवून द्रव नायट्रोजन ओतायचा. श्वास आणि रक्ताभिसरण चालू असतानाच मेंदू वरून खाली गोठत जातो. लुंडमध्ये सीस्जो यांच्या गटाने १९७० च्या दशकात फिटमधलं ऊर्जाचक्र उलगडलं ते याच पद्धतीने. त्यातून कळलं ते असं: प्राण्याला ऑक्सिजन नीट मिळत असेल तर फिटमध्ये लॅक्टेट वाढतं, फॉस्फोक्रिएटिन घटतं, पण एटीपी बऱ्यापैकी टिकून राहतं. एटीपी कोसळलेलं दिसलं तर आधी प्राण्याचा श्वास अडकला होता का ते तपासा.

वळचण

द्रवनत्र, म्हणजे पीटीझेडच्या फिटमध्ये माउस काही सेकंद श्वास घेत नाही, तेव्हाचं लॅक्टेट फिटचं की गुदमरण्याचं?

द्रवनत्र

दोन्हींचं, आणि वेगळं करता येत नाही. म्हणून जुने लोक प्राण्याला बेशुद्ध करून, स्नायू शिथिल करून, व्हेंटिलेटरवर ठेवून बायक्युक्युलिन या गाबा अडवणाऱ्या औषधाने ईईजीवरची फिट आणत. मेल्ड्रम यांनी १९७३ मध्ये बबून माकडांत असंच करून दाखवलं की ताप, ऑक्सिजनची कमतरता, रक्तदाब हे सगळं सांभाळलं तरी हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मरतातच, फक्त कमी मरतात. म्हणजे अतिचेतना स्वतःच मारते.

फिट संपल्यानंतरचा एक सापळा सांगतो. २०१६ मध्ये कॅलगरीच्या गटाने किंडल केलेल्या (वारंवार हलके विद्युतझटके देऊन फिटप्रवण केलेल्या) रॅटमध्ये ऑक्सिजन मोजला. फिट थांबल्यावर हिप्पोकॅम्पसमधला ऑक्सिजनचा दाब १० मिमी पाऱ्याच्या खाली जातो आणि तासभर तिथेच रेंगाळतो, कारण रक्तवाहिन्या आकसतात. पॅरासिटामॉलसारखं कॉक्स एन्झाइम अडवणारं किंवा निफेडिपिन आधी दिलं तर हे टळतं. त्यामुळे "फिटनंतर ६० मिनिटांनी" घेतलेल्या नमुन्यातलं लॅक्टेट फिटचं नाही, या ऑक्सिजनच्या उपासमारीचं आहे. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी अशी औषधं दिली असतील तर किती दिवस आधी थांबवली ते लिहा.

मिलिव्होल्ट

फिट थांबते कशी, यावर कुणीच बोललं नाही. एटीपी खर्ची पडलं की अ‍ॅडेनोसिन तयार होतं, ते ए१ रिसेप्टरवर बसून ग्लुटामेटचं सोडणं दाबतं. थिओफिलिन देऊन ए१ अडवला की तोकडी फिट लांबते. रॅटला कुठल्याही कारणाने अ‍ॅमिनोफिलिन दिलं गेलं असेल तर तो गट वेगळा ठेवा.

दुसरं, आम्लता. लॅक्टेट आणि कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरतो, त्याने एएसआयसी१ए नावाच्या वाहिन्या उघडतात. गाबा सोडणाऱ्या पेशींमध्ये त्या अधिक जोमाने काम करतात, त्यामुळे ब्रेक लागतो. २००८ मध्ये दाखवलं गेलं की ही वाहिनी नसलेल्या माइसमध्ये फिट सुरू व्हायची ती होतेच, पण लवकर थांबत नाही.

वळचण

आराखड्यातला एक कच्चा दुवा. ९० मिनिटांनी डायझेपाम दिल्यावर हातपाय थांबतात पण ईईजीवर काटे चालूच राहतात असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. डोस वाढवायचा का?

सीए३

डोस वाढवून फारसं साधत नाही. कपूर आणि मॅकडोनल्ड यांनी १९९७ मध्ये याच मॉडेलमध्ये दाखवलं की स्टेटस १० मिनिटं चाललं असताना लागणारा डायझेपामचा डोस आणि ४५ मिनिटांनंतरचा डोस यांत जवळपास दहा पटींचा फरक पडतो. कारण औषधात नाही, रिसेप्टरमध्ये आहे. सतत गाबाचा मारा झाला की सिनॅप्समधले गाबा-ए रिसेप्टर पेशी आत ओढून घेते. वॉस्टरलेन यांच्या गटाने २००५ मध्ये हिप्पोकॅम्पसमधल्या डेंटेट ग्रॅन्युल पेशींत तासाभराच्या स्टेटसनंतर ते साधारण निम्म्यावर आलेले मोजले. त्याच वेळी एनएमडीए रिसेप्टर पृष्ठभागावर वाढतात. त्यात भर म्हणून पेशीच्या आत क्लोराइड साचतं, त्यामुळे उरलेल्या गाबाचा ब्रेकही ढिला पडतो.

म्हणजे ९० मिनिटांनी तुमच्या डायलिसेटमध्ये गाबा भरपूर असू शकतं आणि तरी त्याचा उपयोग शून्य. "गाबा वाढलं, तरी फिट चालू" हा निकाल आला तर तो प्रयोगाचा दोष समजून फेकू नका.

व्यवहारात: ९० मिनिटांनी थांबवायचंच असेल तर डायझेपामसोबत केटामिन, आणि थांबलं की नाही ते फक्त ईईजीवरून ठरवा. आपल्याकडे केटामिन शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणातल्या औषधांची यादी) आहे, साठ्याची नोंदवही आणि परवाना आधीच पाहून ठेवा. डायझेपामचं इंजेक्शन सलाइनमध्ये पातळ करू नका, साका बसतो. ५ मि.ग्रॅ./मिलीच्या अँप्युलमधून २५० ग्रॅमच्या रॅटला १० मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. म्हणजे ०.५ मिली, थेट पोटात.

अर्धवट

आणि ईईजी वाचताना चावण्याचे काटे वेगळे काढा. पिलोकार्पिनमध्ये रॅट सतत जबडा हलवतो, ते स्नायूंचे काटे दिसायला फिटसारखेच. हिप्पोकॅम्पसमधल्या खोल इलेक्ट्रोडवर दिसले तरच धरा. फिटची तीव्रता सांगणाऱ्या रसीनच्या पायऱ्या (१९७२) व्हिडिओवरून मोजा, तेही कुठला प्राणी कुठल्या गटातला हे माहीत नसलेल्या माणसाने.

वळचण

आराखडा असा बदलतो: पिलोकार्पिननंतर पहिला तास ५ मिनिटांचे नमुने, पुढे २० मिनिटांचे. टेट्रोडोटॉक्सिनचा वेगळा गट. तापमानाची सतत नोंद. डायझेपाम ९० वरून ६० मिनिटांवर, सोबत केटामिन. गाबा इलेक्ट्रोकेमिकलवर. सेकंदाच्या वेगाने ग्लुटामेट हवं असेल तर एन्झाइम इलेक्ट्रोड घ्यावा का?

मिलिव्होल्ट

घ्या, पण एकटा नको. प्लॅटिनमवर ग्लुटामेट ऑक्सिडेज बसवलेलं असतं, ग्लुटामेटपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं आणि ते +०.७ व्होल्टला मोजलं जातं. त्याच व्होल्टेजला अ‍ॅस्कॉर्बेटही जळतं आणि त्याची पातळी मेंदूत ग्लुटामेटच्या शेकडो पट असते. म्हणून वर फेनिलीनडायअमिनचा थर हवा. शेजारी एन्झाइम नसलेला, बाकी सगळं तेच असलेला दुसरा इलेक्ट्रोड बसवा आणि त्याचा प्रवाह वजा करा. एन्झाइमला ऑक्सिजन लागतो आणि फिटनंतर तो तासभर नसतो हे वर द्रवनत्र यांनी सांगितलंच. तेव्हा फिटनंतर ग्लुटामेट मूळ पातळीच्याही खाली गेलेलं दिसलं तर ऑक्सिजनचा इलेक्ट्रोड लावून आधी ती शंका काढून टाका.